नावेची मोटार आणि घासलेटाचा ठराव

आश्विन शुद्ध नवमी, म्हणजे खंडेनवमी : नावेच्या मोटारीची पूजा झाली व तिची बैठक बदलण्यात आली.
आश्विन वद्य द्वितीया : मोटार पूर्ण वेग घेत नसल्याची पहिली तक्रार.
आश्विन वद्य एकादशी : अध्यक्षांची पुण्याची गाडी कान्हे स्टेशनात चुकली.
कार्तिक शुद्ध षष्ठी ते नवमी : चौकशी.
कार्तिक शुद्ध त्रयोदशी : नावाड्यास कामावरून दूर केल्याचा ठराव, व त्याचे धक्क्यावर जाहीर वाचन.
पौष वद्य प्रतिपदा : खरे कारण उघडकीस आले.
पौष वद्य पंचमी : ते कमिटीस लेखी कळविले.

यापुढील तारीख मला देता येत नाही, कारण यापुढे उत्तरच आलेले नाही.

जबाबदार इसम येणेप्रमाणे. पहिले, नौका कमिटीचे अध्यक्ष. दुसरे, कमिटीचे चार सभासद, ज्यांनी हात वर केले. तिसरा, चौकशी करणारा इसम, म्हणजे प्रस्तुत लेखक. लोणावळ्याच्या मिस्त्रीचे नाव या यादीत असावे असे कमिटीतील काहींचे तोंडी म्हणणे होते. मी ते जाणूनबुजून वगळले आहे. त्याचे कारण ओघाने येईल.

मी मुलकी कचेरीत अव्वल कारकून होतो व निवृत्तीनंतर टाकवे बुद्रुक येथे राहावयास आलो. मी वकील नाही. परंतु तीस वर्षे कागद हाताळलेल्या माणसास गावात वकील म्हणण्याची पद्धत आहे, आणि तसे म्हणताना किंचित हसण्याचीही आहे. मोरी खचली, टपालाची पिशवी उशिरा आली, शाळेची कौले निघाली, की मी पत्र लिहितो. ज्या पत्राचे उत्तर येत नाही त्याची नक्कल जपून ठेवतो. प्रस्तुत प्रकरणाच्या नकला सतरा आहेत.

आमच्या खोऱ्याच्या वरच्या अंगास धरणाचा तलाव आहे. तो भरला तेव्हा पलीकडच्या काठाची पाच गावे रस्त्यापासून तुटली. पाण्याला वळसा घालून पायी यावयाचे तर अर्धा दिवस जातो. म्हणून त्या पाच गावांनी एक नाव ठेवली व ती चालविण्यासाठी कमिटी नेमली. अलीकडच्या धक्क्यापासून टाकव्यापर्यंत बैलगाडी, टाकव्याहून कान्हे स्टेशन. दवाखाना, बाजार, कचेरी, सर्व काही याच वाटेने. नाव वेळेवर आली तर आगगाडी सापडे. न आली तर तो दिवस गेला.

नावाडी पलीकडच्याच एका गावचा. चाळिशीचा, अंगाने वाळका आणि बोलण्यात त्याहून वाळका. त्याची भातखाचरे तलावाखाली गेली होती. नाव एका ठरावीक जागी आली की तो वल्हे क्षणभर उचलून धरी व खाली पाण्यात पाही. तेथे काय आहे, असे मी एकदा विचारले. "बांध," एवढेच तो म्हणाला. कमिटी निघाल्या दिवसापासून नाव त्याच्याकडे होती. त्याच्याजवळ दुसरे काही नव्हते.

मोटार नंतर आली. लोणावळ्यात बंगला असलेल्या एका पारशी गृहस्थांनी तलावात सहलीसाठी ती विलायतेहून मागविली होती. ते मुंबईस कायमचे गेले, तेव्हा अध्यक्षांनी ती कमिटीकरिता मिळविली. या जातीची मोटार नावेच्या आत बसवीत नाहीत. ती पिछाडीच्या फळीवरून बाहेर लटकते. वर यंत्र, खाली लांब दांडी, दांडीच्या शेवटी पाण्यात फिरणारा पितळी पंखा. दोन मळसूत्रे फळीवर आवळली की काम झाले. नावाड्याने आठवड्याभरात तिचे सगळे नखरे ओळखले. वल्ह्यांनी सव्वा तास लागे, तेथे मोटारीने पंचवीस मिनिटे लागू लागली. मी हातात घड्याळ धरून हे पाहिले आहे. माझ्याजवळ टिपण आहे.

लढाई सुरू होण्याच्या दोन वर्षे आधीची ती खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे ज्याचे जे पोटाचे साधन, मग तो नांगर असो, सुताराचा रंधा असो की शिंप्याचे यंत्र, ते धुऊनपुसून पाटावर मांडतात व त्यास झेंडूची फुले वाहतात. मोटारही पुजावी असे ठरले. अध्यक्ष हे पलीकडच्या थोरल्या गावचे मोठे जमीनदार. त्यांनी आपल्या देवघरातील सागवानी पाट आणविला. मोटार फळीवरून सोडवून पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला. नावाड्याने पंख्याची तिन्ही पाती चिंचेने घासून सोन्यासारखी केली होती.

पूजा आटोपल्यावर एक प्रश्न निघाला. तो कोणी काढला हे मला सांगता येत नाही. असे प्रश्न एकटा माणूस काढीत नाही. पिछाडीच्या ज्या फळीवर मोटार लटकते तिच्यावरच पाय देऊन लोक नावेत चढतात, चिखलाच्या वहाणांसकट. पुजलेले यंत्र पुन्हा तेथे कसे ठेवावे? अध्यक्ष म्हणाले की पाटावर बसलेली मोटार पाटावरच राहू द्या, पाट मी देवास दिला. सर्वांस ते शोभेसे वाटले. मलाही वाटले.

आता देवाचा पाट कापावा हे कोणालाच मान्य होईना. तेव्हा सुताराने तो अखंडच, पिछाडीच्या फळीला आतून उभा लावून बोल्टांनी आवळला. खाली बसण्याचा बाक आडवा येत असल्यामुळे पाट पुरता खाली जाईना. तो फळीच्या वर चार बोटे राहिला. मोटार त्याच्या वरच्या कडेवर चढविली. "सबब मोटार यापुढे पाटावरच बसविण्यात यावी," हा ठराव कमिटीच्या वहीत मी लिहिला. अक्षर माझे आहे.

आठ दिवसांच्या आत कुरकुर सुरू झाली. मोटार बंद पडत नव्हती. दोरीच्या पहिल्या हिसक्याला सुरू होई, हळू चालविली तर कसलाही त्रास देत नसे. परंतु वेगाचा दांडा शेवटपर्यंत सरकवला की तिचा आवाज एकदम चढे, मागे पांढरा फेस उसळे, आणि नाव मात्र पूर्वीच्याच संथपणे चाले. पंचविसांची चाळीस मिनिटे झाली. कधी, म्हणजे बाजारच्या दिवशी, ती आपोआप सुधारे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एकादशीस अध्यक्ष पुण्यास एका सोयरिकीच्या बोलणीसाठी निघाले होते. कान्ह्यास पोचले तेव्हा गाडी स्टेशनातून बाहेर पडत होती. ते परत धक्क्यावर आले. नावाडी मोटारीवरचे पाणी पुसत होता. त्याच्याकडे न पाहता, सर्वांना ऐकू जाईल असे ते म्हणाले, "पेट्रोलात घासलेट घालतोय. ऐका की आवाज. हा घासलेटाचाच आवाज."

घासलेटाला आवाज असतो हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. परंतु अध्यक्षांनी म्हटले आणि चारही सभासदांना तो ऐकू आला.

चौकशीचे काम माझ्याकडे देण्यात आले. मला ते आवडले, हे येथे नमूद करणे भाग आहे. निवृत्तीनंतर दोन वर्षे मला कोणी काही विचारले नव्हते.

मी पद्धतशीर गेलो. प्रथम नाव काठावर ओढून घेतली. तळास शेवाळ नव्हते, फळ्यांत पाणी मुरलेले नव्हते, डांबर शाबूत होते. मग पंखा पाहिला. पाते वाकलेले नाही, गवत अडकलेले नाही, पंखा दांडीवर सैल झालेला नाही. मग ओझे. उतारूंची संख्या पूर्वीइतकीच. याप्रमाणे तीन कारणे निकालात निघाल्यावर मी चौथ्याकडे, म्हणजे आरोपाकडे वळलो.

शुद्ध पेट्रोलाचा थेंब टीपकागदावर टाकला तर उडून जातो. घासलेटाचा तेलकट डाग मागे राहतो. ही परीक्षा मला कचेरीतल्या एका जुन्या प्रकरणावरून माहीत होती. मी पाच पंचांसमक्ष मोटारीच्या टाकीतले थेंब टीपकागदावर टाकले व तो उन्हात धरला. डाग राहिला.

नावाडी जवळ येऊन उभा राहिला. "आबा, ह्यात वंगण मिसळावंच लागतंय," तो म्हणाला. "न्हाईतर आतनं जळंल ती. त्यो डाग वंगणाचा हाय."

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. या जातीच्या मोटारीस वंगण वेगळे घालीत नाहीत, पेट्रोलातच मिसळतात. ही गोष्ट मला त्यानंतर दोन महिन्यांनी वाचून कळली. त्या दिवशी मी लिहिले : "आरोपी मिश्रण केल्याचे कबूल करतो."

पाचवी परीक्षा लोणावळ्यास. मोटार गोणपाटात गुंडाळून बैलगाडीने कान्ह्यास, तेथून आगगाडीने लोणावळ्यास नेली. बाजारामागे मोटारदुरुस्तीचे एक दुकान आहे, तेथील मिस्त्री बंगलेवाल्यांच्या गाड्या दुरुस्त करीत असे. त्याने प्लग काढून त्यांची काजळी घासली, पेट्रोलाची जाळी फुंकली, कार्बोरेटर उघडून धुतला. घासलेट आहे काय, असे मी विचारले. त्याने टाकीत नाक घातले आणि मान हलवली. मला ती मान संदिग्ध वाटली. मग त्याने पाण्याने भरलेल्या पिंपाच्या काठावर मोटार अडकवली, दोरी ओढली आणि दांडा शेवटपर्यंत नेला. पिंपातील निम्मे पाणी माझ्या कोटावर आले.

"पिंपात तर एकदम फस्क्लास चालते, साहेब," मिस्त्री म्हणाला. "पण पिंप म्हणजे काही नाव नव्हे. एकदा नावेवर बसवून बघू द्या मला. मी येतो रविवारी."

मी त्याला सांगितले की तशी आवश्यकता नाही. त्याच्याकडून दाखला घेतला, मजकूर मी सांगितला : "मोटार पूर्ण वेगाने चालते, तीत दोष नाही." ‘पिंपात’ हा शब्द तो मुद्दाम बोलला होता. मी तो अनावश्यक म्हणून गाळला. याच कारणास्तव मिस्त्रीचे नाव वर नाही.

मोटार निर्दोष ठरली, तेव्हा माणूस दोषी ठरण्यास फक्त त्याची जबानी उरली. ती धक्क्यावर, वडाखाली घेतली. अध्यक्ष समोरच्या दगडावर उपरणे पसरून बसले होते. मी विचारले की मोटार बाजारच्या दिवशी का सुधारते. त्या दिवशी पेट्रोलात काही मिसळले जात नाही, असा त्याचा अर्थ होतो काय.

"बाजाराला लोकं लय असत्यात," नावाडी म्हणाला. "लोकं मागं बसली की पळती ती. रिकामी असली की नुसती वरडती."

"ओझे वाढले तर वेग वाढतो, असे तुझे म्हणणे आहे काय?"

"कुटलं बी ओझं न्हाई. मागलं. म्या पाह्यलंय, आबा."

"आणि असे का होते?"

त्याने मोटारीकडे पाहिले. मग दगडावर बसलेल्या अध्यक्षांकडे पाहिले. मग माझ्या हातातल्या कागदाकडे. "का ते म्या कसं सांगू?" तो म्हणाला.

अध्यक्षांना हसू आले. "लिहून घ्या वकीलसाहेब," ते म्हणाले. "उद्या म्हणेल, बैल गाडीत बसवले की गाडी जोरात जाते."

सगळे हसले. मी लिहून घेतले, त्याचा अंगठा घेतला, आणि खाली शेरा मारला : "सदरहू विधान निसर्गनियमाविरुद्ध असून साक्षीदार खोटे बोलतो हे त्याच विधानावरून सिद्ध होते." हे वाक्य मला इतके आवडले होते की घरी गेल्यावर मी ते पुन्हा एकदा मोठ्याने वाचून पाहिले.

त्रयोदशीस ठराव झाला. पेट्रोलात घासलेट घालून नाव मंद केल्याबद्दल नावाड्यास दूर करण्यात येत आहे. बाजारचाच दिवस मुद्दाम धरून तो त्याच दिवशी धक्क्यावर वाचण्यात आला, म्हणजे पाचही गावांस एकदम समजावे. वाचणारा मीच. नावाडी नावेतच उभा होता. वाचन संपल्यावर त्याने पेट्रोलाचा डबा व दोरी बाकावर ठेवली, काठावर उतरला आणि पाण्याकडेने चालू लागला. नावेत बसून घरी जा, असे कोणीतरी त्याला म्हणाले. त्याने मागे पाहिले नाही.

त्याच्या जागी अध्यक्षांचा भाचा आला. मोटार जशी होती तशीच राहिली. चाळीस मिनिटे. परंतु आता तक्रार थांबली. मोटार जुनी झाली, एवढेच लोक म्हणू लागले, आणि अध्यक्ष घरून अर्धा तास लवकर निघू लागले. दोषी माणूस गेला तरी दोष का गेला नाही, हा प्रश्न कमिटीत कोणी विचारला नाही. मीही विचारला नाही.

नावाडी गवताच्या कापणीस जाऊ लागला. कधी टाकव्यास येई, तेव्हा तलावाला पूर्ण वळसा घालून, पायी. एकदा वाण्याच्या दुकानात मी त्यास पाहिले. त्याने मीठ मागितले. वाणी घासलेटाच्या डब्यावर हात ठेवून म्हणाला, "मीठच ना? की आज काही मिसळायचंय?" दुकानातील दोघे हसले. नावाड्याने मीठ घेतले, फडक्यात बांधले व गेला. मी साखर घेत होतो. त्याने मला पाहिले होते.

पौषात झोडपणी संपून भाताची पोती कामशेतच्या गिरणीकडे जाऊ लागली. वद्य प्रतिपदेस मी पलीकडच्या गावी एका मोजणीच्या अर्जाकरिता गेलो होतो. जाताना नावेत मी आणि एक म्हातारी. मोटार कर्कश ओरडत होती. घड्याळाप्रमाणे एकेचाळीस मिनिटे. परत येताना भाताची बारा पोती होती. एरवी ती नावेच्या मध्यावर रचीत. त्या दिवशी मध्यावर कोणाच्या तरी दोन शेळ्या बांधलेल्या होत्या व त्या जागची हलेनात. भाच्याने शिव्या देत सर्व पोती पिछाडीस, बाकाखाली-बाकावर, मोटारीपर्यंत रचली. नावेची शेपटी खाली बसली, नाक वर आले. मला ते धोक्याचे वाटले व मी तसे बोलून दाखवले.

मोटार सुरू झाली. दांडा पुढे सरकला. आवाज चढला, परंतु कर्कश झाला नाही. खोल, भरलेला असा आवाज निघाला. नावेने असा हिसका घेतला की माझी टोपी शेळीवर पडली. अलीकडच्या काठास लागलो तेव्हा मी घड्याळ पाहिले. सव्वीस मिनिटे.

मी तेथेच बसून राहिलो. पोती उतरवली गेली. एकेक पोते उतरे तशी पिछाडी वर येई, आणि तिच्याबरोबर पाट, पाटावरची मोटार, दांडी. शेवटचे पोते गेल्यावर मी वाकून पाण्यात पाहिले. पंख्याचे वरचे पाते पाण्याच्या पृष्ठभागाखाली जेमतेम होते. इतक्या वर असलेला पंखा जोरात फिरवला तर तो पाणी ढकलणार नाही. वरची हवा ओढून घेईल, फेस करील आणि रिकामा गरगरेल. मोटारीस भारच लागणार नाही, म्हणून ती ओरडेल. मागे ओझे आले की पंखा खाली जाईल, त्यास पाणी सापडेल, नाव पळेल. लोणावळ्याच्या पिंपावर पाट नव्हता.

लोकं मागं बसली की पळती. निसर्गनियमाविरुद्ध काही घडत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी पायी वळसा घालून त्याच्या घरी गेलो. नाव होती, परंतु त्या नावेतून तेथे जाणे मला योग्य वाटले नाही. तो अंगणात गवताच्या पेंढ्या बांधीत होता. त्याची बायको बाहेर आली. तिने माझ्यासाठी एक गोणपाट अंथरले.

"हितंच बसा, आबा," ती म्हणाली. "पाट न्हाई आमच्यात. असता तर त्यो बी नावंला लावला असता."

तो तिला गप म्हणाला. मी बसलो. मी त्याला विचारले की पाटामुळे हे होते आहे हे तुला तेव्हाच समजले होते काय.

"व्हय."

"मग जबानीत का सांगितले नाही?"

त्याने हातातली पेंढी पुरती बांधली. "पाट देवाचा," तो म्हणाला. "दिला त्येंनी. ठराव लिवला तुमी. त्येच्यात माझ्या अंगठ्याला काय किंमत? जेवढं म्हनता येत हुतं तेवढं म्या म्हनलं. मागं बसली की पळती, म्हनलं. तुमी शिकल्यालं. म्हनलं, समजंल."

मी कामाचे बोललो. प्रत्यक्ष प्रयोग करून पाहू, असे सुचवले. तो पुष्कळ वेळ तयार होईना. अखेर त्याची बायकोच म्हणाली की जावा, निदान आपल्या डोळ्यानं तरी बघून या. चतुर्थीस दुपारी, भाचा जेवावयास गेला असता, आम्ही दोघांनी बोल्ट ढिले केले. नावाड्याने प्रथम पाटास हात जोडले. मग तो उचलून नावेच्या नाकाशी नेला, जेथे कोणाचा पाय लागत नाही, आणि आपले मुंडासे सोडून त्यात गुंडाळून ठेवला. मोटार जुन्या फळीवर बसवली. त्याने दोरी ओढली. आम्ही दोघेच होतो, पिछाडीस त्याच्यावाचून कसलेही ओझे नव्हते. पंचवीस मिनिटांत पलीकडे; परत येताना चोवीस. मधल्या त्या जागी त्याने मोटार हळू केली, खाली पाहिले, आणि पुन्हा दांडा पुढे सरकवला.

काठाला लागल्यावर त्याने सर्व पूर्ववत केले. पाट जागेवर, मोटार पाटावर. ते अध्यक्षांनी काढावयाचे आहे, तो म्हणाला, आपण नव्हे.

पंचमीस मी कमिटीस लिहिले. माझा अहवाल मागे घेतला, टीपकागदाची परीक्षा चुकीची असल्याचे कबूल केले, मिस्त्रीच्या दाखल्यात ‘पिंपात’ हा शब्द पुन्हा घातला, व नावाड्यास कामावर घेऊन ठराव रद्द करावा अशी विनंती केली. पंधरा दिवस काही घडले नाही. माघात एके दिवशी धक्क्यावर गेलो तो पाट नावेच्या नाकाशी बसवलेला दिसला. त्यावर ताजी फुले होती. मोटार फळीवर होती आणि नाव पंचवीस मिनिटांत येत होती. भाच्याने मोटार सुधारली, असे लोक म्हणत होते.

मी अध्यक्षांना रस्त्यात गाठले. ते शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, मोटार पळते आहे ना आता? मग तुमचा खटला कशावर?"

मी सांगितले की खटला मोटारीवर नव्हता, माणसावर होता.

"ते झालं गेलं. त्या पाटाचं नाव चार लोकांत कशाला निघायला हवं? देवाचं काम आहे."

मी पुन्हा नावाड्याकडे गेलो. त्यास काय हवे ते लिहून घ्यावयाचे मी ठरवले होते. काम परत हवे, असे तो म्हणेल अशी माझी समजूत होती. त्याने ते मागितले नाही. तो म्हणाला, "वाचून दावलं हुतं ना धक्क्यावर, पाच गावाम्होरं. तसंच वाचून दावा. घासलेट न्हवतं म्हनून."

याच मजकुराची पत्रे मी अध्यक्षांस, सभासदांस व कमिटीस मिळून सतरा वेळा पाठविली. एकाही पत्राची पोच नाही. धक्क्यावर मी एकटाही वाचू शकलो असतो, आणि एकदा वाचलेही. परंतु ठरावावर सही अध्यक्षांची आहे, आणि माझे वाचन लोकांनी माझ्या पत्रांपैकीच एक समजून ऐकले. एक सभासद तर म्हणाला, आबांना थंडी बाधली.

आज या गोष्टीस पाच पावसाळे झाले. लढाईमुळे पेट्रोल मिळेनासे झाले आहे. मोटार अध्यक्षांच्या कोठारात गवताखाली पडून आहे व नाव पुन्हा वल्ह्यांवर आली आहे. भाच्यास वल्हे जमत नाही. गेल्या श्रावणात नाव दोनदा प्रवाहाबरोबर धरणाच्या भिंतीकडे गेली. तो तलाव ज्यास वीत न् वीत ठाऊक आहे तो माणूस गवत कापतो, आणि कमिटीच्या वहीत आजही लिहिलेले आहे की त्याने पेट्रोलात घासलेट घातले. त्याची मुलगी दोन वर्षांपूर्वी उजवली, तेव्हा वऱ्हाडातल्या एका पोक्त माणसाने हसत विचारले होते की तेल कुठलं जाळलंय हो मांडवात. मी त्या मांडवात होतो.

सबब मी अध्यक्षांस, त्यांचे घर, जमीन व वय यांबद्दल पूर्ण आदर राखून, या लेखाद्वारे जाहीररीत्या विचारतो. खासगी उत्तर मला नको, निरोपही नको. येत्या बाजारच्या दिवशी, त्याच धक्क्यावर, पाचही गावांसमोर उभे राहून त्यांनी सांगावे : त्या आश्विनात त्या मोटारीत घासलेट होते काय? असल्यास ते कोणी पाहिले? नसल्यास तो ठराव अजून वहीत का आहे, आणि तो रद्द झाल्याचे त्या माणसास मोठ्याने वाचून कोण दाखविणार?